दहा वर्षांनी पुन्हा लिहिलेली यादी

दर डिसेंबरात मी त्या वर्षातल्या आवडत्या दहा हिंदी चित्रपटगीतांची यादी करतो. वही साधीच आहे. पानावर गाणं, चित्रपट, गीतकार, संगीतकार, गायक असे रकाने आखलेले असतात आणि सगळ्यात शेवटी एक रुंद रकाना: ‘का?’ बाकीचे रकाने पाच मिनिटांत भरतात. हा शेवटचा मात्र कधी कधी आठवडाभर रिकामा राहतो.

अलीकडे मी २०१५चं पान उघडलं आणि ती दहा गाणी पुन्हा ऐकायला बसलो. तेव्हा पहिल्या क्रमांकावर ‘दिलवाले’तलं ‘गेरुआ’ होतं. दुसरं ‘बाजीराव मस्तानी’तलं ‘दीवानी मस्तानी’, तिसरं त्याच चित्रपटातलं ‘पिंगा’. ‘तमाशा’तलं ‘अगर तुम साथ हो’ चौथ्यावर, ‘दम लगा के हईशा’तलं ‘मोह मोह के धागे’ सहाव्यावर. ‘मसान’चं एकही गाणं यादीत नव्हतं. ‘बॉम्बे वेल्वेट’चंही नव्हतं. आज मी ती यादी तशीच्या तशी मान्य करू शकत नाही. नवी यादी केली, तर पहिल्या पाचातलं एकच गाणं पहिल्या पाचात टिकलं.

ही चूक कशी झाली ते समजायला तारखा पुरतात. ‘दिलवाले’ आणि ‘बाजीराव मस्तानी’ हे दोन्ही चित्रपट १८ डिसेंबर २०१५ या एकाच दिवशी लागले. त्याआधीचे काही आठवडे रिक्षात, लग्नाच्या हॉलमध्ये, केस कापायला बसलो तर तिथेही त्यांचीच गाणी कानावर पडत होती. ‘दम लगा के हईशा’ फेब्रुवारीत येऊन गेला होता. दहा महिने जुनं गाणं आणि दहा दिवस जुनं गाणं एकाच तराजूत घातलं, तर पारडं कुठे झुकणार हे उघड आहे. आपण वर्षाची यादी म्हणून जी करतो ती बहुतेक वेळा वर्षाच्या शेवटच्या दोन महिन्यांची असते.

तरीही यादी करणं सोडून द्यावं असं मला वाटत नाही. उलट, श्रोत्याने ती करावी, कारणांसकट करावी आणि काही वर्षांनी पुन्हा तपासावी, असं माझं ठाम मत आहे. ‘आवड ज्याची त्याची, तिच्यावर वाद काय घालायचा?’ असं म्हणणारे बरेच भेटतात. हे बोलणं ऐकायला उदार वाटतं, पण त्यात ऐकण्याची किंमत कमी होते. मला कारलं आवडत नाही याला कारण लागत नाही. पण एखादं गाणं चांगलं आहे असं मी म्हणतो, तेव्हा मी माझ्या जिभेबद्दल बोलत नसतो, त्या गाण्याबद्दल बोलत असतो. मग त्या गाण्यात काय आहे हे मला दाखवता आलं पाहिजे.

वर्षातल्या गाण्यांची क्रमवारी लावायची सवय आपल्याला ‘बिनाका गीतमाला’ने लावली. ती सवय कशातून जन्मली हे विसरायला नको. १९५२ साली माहिती आणि नभोवाणी खात्याचे मंत्री होते डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर. अभिजात संगीताचे जाणकार, मराठी गृहस्थ. चित्रपटगीतांनी लोकांची अभिरुची बिघडते असं त्यांचं मत होतं आणि त्यांच्या काळात आकाशवाणीवरून ही गाणी जवळजवळ हद्दपार झाली. लोकांनी काय केलं? रेडिओचा काटा फिरवला आणि रेडिओ सिलोन लावलं. त्याच वर्षीच्या डिसेंबरात तिथे अमीन सायानींच्या आवाजात गीतमाला सुरू झाली. बुधवारी रात्री आठ वाजता रस्ते ओस पडायचे, असं आमच्या आधीची पिढी सांगते. पत्रांचे ढीग यायचे, गावोगावी श्रोता संघ निघाले, झुमरीतलैया हे बिहारमधलं गाव (आता झारखंडात) केवळ फर्माइशींमुळे देशाला ठाऊक झालं. केसकरांबद्दल मला राग नाही. आकाशवाणीवर अभिजात संगीताला मानाचं स्थान मिळवून देण्यात त्यांचा मोठा वाटा होता. पण लोकांनी काय ऐकावं हे वरून ठरवलं जात असताना श्रोत्याने पोस्टकार्डावर दोन ओळी लिहून ‘मला हे आवडतं’ असं कळवलं, ही गोष्ट मला आजही मोलाची वाटते.

पोस्टकार्ड लिहायला हात चालवावा लागतो. आठवावं लागतं, निवडावं लागतं, पेटीत टाकायला जावं लागतं. आज वर्ष संपलं की गाण्यांचं ॲप मला न विचारताच माझी यादी माझ्यासमोर ठेवतं. ती यादी खोटी नसते. मी जे सर्वांत जास्त वेळा वाजवलं तेच त्यात असतं. पण भांडी घासताना सुरू ठेवलेलं गाणं, शेजारच्या मुलाने माझ्या फोनवर दहादा लावलेलं गाणं आणि रात्री दिवा मालवून एकदाच ऐकलेलं गाणं यांतला फरक ॲपला कळण्याचा मार्ग नाही. जास्त वाजलं म्हणजे जास्त आवडलं, हे समीकरण आपण हळूहळू मान्य करत चाललो आहोत आणि मला त्याची काळजी वाटते.

आता नव्या यादीकडे येतो. पहिल्या क्रमांकावर ‘मसान’मधलं ‘तू किसी रेल सी’ आहे. संगीत ‘इंडियन ओशन’चं, शब्द वरुण ग्रोव्हरचे, आवाज स्वानंद किरकिरेचा. इंदूरच्या मराठी घरातला हा गायक-गीतकार; त्याच्या आवाजात रियाजी गायकाची गुळगुळीत सफाई नाही, थोडा खरखरीतपणा आहे, आणि तोच इथे हवा होता. गाण्याचा मूळ धागा दुष्यंतकुमारांच्या एका शेराचा आहे. १९७५ साली गेलेल्या या कवीने प्रेयसीला आगगाडीची आणि प्रियकराला पुलाची उपमा दिली होती. ग्रोव्हरने हे ऋण लपवलं नाही. तो शेर घेतला आणि त्याच्याभोवती स्वतःची कडवी रचली.

हे गाणं मी २०१५मध्ये ऐकलं असतं तरी कदाचित यादीत वर घेतलं नसतं. चित्रपटाबाहेर ते एक गोड, हलकं प्रेमगीत वाटतं. त्याचं खरं वजन कळायला ‘मसान’ पाहावा लागतो. बनारसच्या घाटावर प्रेतं जाळणाऱ्या डोम घरातला दीपक, आणि शेरोशायरीवर जीव टाकणारी, त्याच्याहून वरच्या मानलेल्या जातीतली शालू. ती त्याला कवींची नावं सांगते, त्याला त्यातलं काहीच ठाऊक नसतं. म्हणजे गाणं शेरातून उगवतं, कारण ती मुलगी शेरांतून बोलणारी आहे. पुढे शालूचं काय होतं हे ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना हे गाणं पुन्हा ऐकताना जाणवेल की सगळं आधीच सांगून झालेलं होतं. गाडी निघून जाते. पूल तिथेच उभा राहतो. शृंगाराच्या उपमेत शोक लपलेला होता आणि दुसऱ्यांदा ऐकेपर्यंत तो आपल्याला दिसला नव्हता.

बनारसच्या राजघाटाजवळ गंगेवर मालवीय पूल आहे. दुमजली: खालून रेल्वे, वरून रस्ता. अशा पुलावर उभं असताना खालून गाडी गेली, की थरथर आधी तळपायांना कळते आणि आवाज नंतर येतो. वरुण ग्रोव्हरचं इंजिनिअरिंगचं शिक्षण बनारसमध्येच झालं. उपमा उसनी असली तरी शहर उसनं नव्हतं, आणि हा फरक गाण्यात ऐकू येतो.

त्याच माणसाचं दुसरं गाणं, ‘मोह मोह के धागे’, आता दुसऱ्या क्रमांकावर आलं आहे. संगीत अनु मलिक यांचं. एक आवृत्ती पापोनच्या आवाजात, दुसरी मोनाली ठाकूरच्या. इथे मराठी श्रोत्याला एक गोष्ट थांबून ऐकावी लागते. आपल्याकडे मोह म्हटलं की तो आवरायचा असतो: मिठाईचा मोह, पैशाचा मोह. हिंदीत मोह म्हणजे जीव गुंतणं. गीतकाराने त्याला धाग्यांत विणलं आहे, म्हणजे गुंता आणि वीण दोन्ही एकाच वेळी. चित्रपट १९९५च्या हरिद्वारमध्ये घडतो. नायकाचं कॅसेटचं दुकान आहे, कुमार सानू त्याचं दैवत आहे. जाड आहे म्हणून बायकोची लाज वाटणारा हा मुलगा आहे आणि स्वतःची लाज वाटून घ्यायला ठाम नकार देणारी ती शिकलेली मुलगी आहे. प्रेम जमलेलं नाही, फक्त राग थोडा निवला आहे. या नेमक्या क्षणाचं गाणं हिंदीत फार थोड्यांनी लिहिलं असेल. आपली गाणी एक तर प्रेमात पडतात, नाही तर विरहात रडतात. मधला अवघडलेला काळ, जेव्हा दोघंही आपल्या मनाबद्दल साशंक असतात, तो बहुधा गाण्याविनाच जातो. त्याच चित्रपटात शेवटी कुमार सानू आणि साधना सरगम यांचं नव्वदच्या ढंगाचं युगुलगीतही आहे. नायकाचं स्वप्नातलं गाणं एक आणि त्याच्या आयुष्यातलं गाणं दुसरं, अशी ती जोडी मला विलक्षण वाटते. साधना सरगम मूळच्या दाभोळच्या. नव्वदच्या दशकातलं त्यांचं काम पाहता त्यांचं नाव आपण फार कमी घेतो.

‘अगर तुम साथ हो’ चौथ्यावरून तिसऱ्यावर आलं. ए. आर. रहमान, इर्शाद कामिल, अलका याज्ञिक आणि अरिजित सिंग. युगुलगीत म्हणजे दोघांचं एकमत, असा हिंदी चित्रपटाचा जुना नेम आहे. एक विचारतो, दुसरी उत्तर देते, ध्रुवपदाला दोघं एकत्र येतात. इथे दोघं एकत्र येतच नाहीत. ती थांबवते आहे, तो आतून दूर गेला आहे. दोघं एकाच गाण्यात असून एकमेकांना ऐकत नाहीत. अलका याज्ञिकचा आवाज आपण वीस वर्षं लग्नाळू नायिकेचा म्हणून ऐकला. तोच इथे विनवणी करतो, तेव्हा नव्वदच्या दशकातली सगळी आश्वासनं आठवतात आणि ती फोल ठरताना दिसतात. या निवडीचं श्रेय संगीतकाराला द्यायला हवं. नवी, कोवळी गायिका इथे चालली नसती.

‘बॉम्बे वेल्वेट’ मे २०१५मध्ये आला आणि आपटला. चित्रपट आपटला की त्याची गाणी त्याच्याबरोबर बुडतात, हा अन्याय हिंदी संगीताने पिढ्यान्‌पिढ्या सोसला आहे. अमित त्रिवेदीचं संगीत, अमिताभ भट्टाचार्यचे शब्द, आणि बरीचशी गाणी नीती मोहनच्या आवाजात. ‘धडाम धडाम’ ऐकावं. क्लबमध्ये गाणारी बाई प्रेक्षकांसमोर कोसळते आहे आणि मागे ट्रम्पेट-सॅक्सोफोनचा ताफा तिला सावरतही नाही, सोडतही नाही. त्या वर्षी हे गाणं मी ऐकलं नाही, कारण चित्रपट पाहिला नाही, आणि चित्रपट पाहिला नाही कारण सगळ्यांनी तो वाईट आहे असं सांगितलं. यातलं पहिलं ‘कारण’ माझ्या आळसाचं आहे.

या गाण्यांना आणखी एका कारणासाठी माझ्या यादीत जागा आहे. चित्रपट ज्या साठच्या दशकातल्या मुंबईत घडतो, तिथला जॅझ गोव्याच्या वादकांनी वाजवला होता. तेच लोक दिवसा स्टुडिओत चित्रपटगीतं वाजवत आणि रात्री हॉटेलांत जॅझ. सेबॅस्टियन डिसूझा यांनी शंकर-जयकिशनसाठी केलेलं वाद्यसंयोजन, चिक चॉकलेटचा सी. रामचंद्रांकडचा ट्रम्पेट, माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस. स्वरलेखन वाचता येणाऱ्या, चर्चच्या शाळेत शिकलेल्या या माणसांशिवाय त्या काळच्या गाण्यांचा भरगच्च आवाज उभाच राहिला नसता. रेकॉर्डच्या वेष्टनावर त्यांची नावं नव्हती. गोन्साल्विसांचं नाव घरोघरी पोचलं ते १९७७ साली, ‘अमर अकबर अँथनी’त त्यांचे शिष्य प्यारेलाल यांच्यामुळे, आणि तेही ते एका काल्पनिक पात्राचंच आहे असं समजून.

म्हणूनच वहीत रकाने आखतो. आजही कितीतरी ठिकाणी गाण्याखाली गायकाचं नाव असतं, गीतकाराचं शोधावं लागतं. २०२०मध्ये वरुण ग्रोव्हरसह अनेक हिंदी गीतकारांनी एकत्र येऊन एक गाणंच केलं आणि त्यातून ‘आमचं नाव द्या’ एवढीच मागणी केली. शब्दांवर जगणाऱ्या माणसांना ही मागणी करावी लागावी, याचं मला वाईट वाटलं. पैशाचा कायदा त्याआधी, २०१२मध्ये, प्रताधिकार कायद्यातल्या दुरुस्तीने झाला होता. नावाचा कायदा श्रोत्याने स्वतःपुरता करायचा आहे. ‘अरिजितचं गाणं’ असं म्हणायचं मी बंद केलं आहे.

‘पिंगा’ मी यादीतून काढलं, आणि तो निर्णय सर्वांत जड गेला. २०१५मध्ये त्या गाण्यावर महाराष्ट्रात वादळ उठलं होतं. काशीबाई आणि मस्तानी एकत्र नाचतील का, पेशवेघराण्यातली स्त्री अशी नाचेल का, हा इतिहासाचा वाद होता. माझी अडचण वेगळी आहे. मंगळागौरीला माझ्या आईने आणि मावश्यांनी घातलेला पिंगा मी लहानपणी ऐकला आहे. त्यात वाद्य नसतं. पावलांची धप्प, बांगड्यांचा आवाज आणि श्वास हाच ताल असतो. गाणाऱ्याच नाचत असतात, त्यामुळे कडवं पुढे जातं तसा आवाज धापा टाकू लागतो, शब्द तुटतात, हसू फुटतं, कोणीतरी दमून बाजूला होतं आणि दुसरी तिची जागा घेते. तो दमच त्या गाण्याचा जीव आहे. चित्रपटाने नाव घेतलं, चाल मोठी केली, ढोल-ताशांची भिंत उभारली, पण धाप काढून टाकली. श्रेया घोषाल आणि वैशाली माडे या दोघी समर्थ गायिका आहेत. त्यांच्या गाण्यात मला काही उणं सांगता येणार नाही. उणं रचनेत आहे. पिंगा पाहण्याची गोष्ट झाली, घालण्याची राहिली नाही.

मग तेव्हा मी ते तिसऱ्या क्रमांकावर का ठेवलं होतं? ‘का?’च्या रकान्यात मी लिहिलं होतं: ‘आपला पिंगा हिंदीत!’ हे कारण संगीताचं नाही. आपलं काहीतरी मोठ्या पडद्यावर दिसलं की आपण हरखून जातो आणि कसं दिसलं हे विचारायचं विसरतो. त्याच चित्रपटातलं ‘आयत’ आता यादीत आलं आहे. त्यात मराठी काहीच नाही, पण प्रेमाला पाठांतराची, जपाची लय दिली आहे आणि ती शेवटपर्यंत सुटत नाही.

‘गेरुआ’बद्दल थोडक्यात सांगतो. प्रीतमची चाल आजही कानाला गोड लागते. पण गेरुआ म्हणजे काव, जोग्याच्या वस्त्राचा रंग. सगळं सोडून जाणाऱ्याचा रंग प्रेमात माखून घ्यायचा, ही सूफी आणि भक्त कवींच्या वळणाची मोठी कल्पना आहे. गाण्यात कोणी काहीच सोडत नाही. मला आता आइसलँडचे हिमनग आणि काळी वाळू आठवते, नायक-नायिकेला त्या रंगाची गरज का पडली हे आठवत नाही.

वयाने मोठे असलेले माझे काही स्नेही म्हणतात, साठनंतर, फार तर सत्तरनंतर, हिंदी गाणं संपलं. तू उगाच नव्यात सोनं शोधतोस. त्यांच्याबद्दल मला आदर आहे; मदनमोहन मला त्यांनीच ऐकवला. पण त्यांच्याकडे साठच्या दशकातली जी गाणी आहेत ती पन्नास-साठ वर्षांच्या चाळणीतून उरलेली आहेत. त्या काळातली सुमार गाणी त्यांच्यासाठी कोणीतरी आधीच गाळून ठेवली. नव्या गाण्यांची चाळणी आपल्यालाच करायची आहे. २०१५चा गाळ आणि १९६०चं सोनं समोरासमोर ठेवून निवाडा करणं न्यायाचं नाही. ज्या वर्षात ‘मसान’, ‘दम लगा के हईशा’ आणि ‘तमाशा’ यांची गाणी झाली, त्या वर्षाला मी वांझ म्हणणार नाही.

पुरस्कारांनी चाळणी होते का? कधी होते. त्या वर्षीचा फिल्मफेअरचा संगीताचा पुरस्कार ‘रॉय’ला मिळाला, आणि ती गाणी मला आज मुद्दाम आठवावी लागतात. राष्ट्रीय पुरस्कारांत मात्र ‘मोह मोह के धागे’साठी मोनाली ठाकूर आणि वरुण ग्रोव्हर या दोघांचा सन्मान झाला. गायकाचा पुरस्कार त्याच वर्षी ‘कट्यार काळजात घुसली’साठी महेश काळे यांना मिळाला. गाणं मराठी, पण संगीत शंकर-एहसान-लॉय या हिंदीतल्या तिघांचं. आणि ज्या नाटकावर चित्रपट बेतला त्याची पदं पं. जितेंद्र अभिषेकींनी बांधलेली, ज्यांच्याकडे महेश काळे शिकले. माझ्या यादीत फक्त हिंदी गाणी बसतात, असा माझाच नियम आहे. तरी त्या पानाच्या समासात मी हे नाव लिहून ठेवलं आहे.

२०२५चं पान आता भरलेलं आहे. पहिल्या तिनांत ‘सैयारा’चं शीर्षकगीत आहे. ते इतक्या ठिकाणी वाजलं की माझ्या आवडीतला माझा वाटा किती आणि लाउडस्पीकरचा किती हे मला वेगळं करता येत नाही. गीतकाराच्या रकान्यात पुन्हा इर्शाद कामिल. ‘का?’चा रकाना अजून रिकामा आहे आणि बाकीचं सगळं मी पेन्सिलीने लिहिलं आहे.